शुद्धिपत्र येईपर्यंत



आजच्या वाचनात पैठणचा प्रसंग आला. आपल्याला तो लहानपणापासून पाठ असतो, पण पाठ असतो म्हणूनच आपण त्यावरून भरकन पुढे जातो. आई-वडील गेलेले. चार भावंडं. मोठा निवृत्ती चौदा-पंधरा वर्षांचा, धाकटी मुक्ता आठ-नऊ वर्षांची. आळंदीकर म्हणाले, पैठणच्या धर्मसभेचं शुद्धिपत्र आणा, मग बघू. आणि ही मुलं एका कागदासाठी आळंदीहून पैठणला चालत निघाली.

काल रात्री साडेनऊच्या डहाणू लोकलमध्ये मोबाईलवर हेच वाचत होते, तेवढ्यात ताईचा मेसेज आला. "तारीख पुढे गेली गं. आता पुढच्या महिन्यात अकरा." पाठोपाठ एक हात जोडलेला इमोजी. विरारला उतरायचं होतं, गर्दीत उत्तर टाइप करता आलं नाही. पण डोक्यात पैठण आणि ताईचा मेसेज एकमेकांना चिकटले ते चिकटलेच. म्हणून आजचं चिंतन थोडं घरगुती आहे, आणि नेहमीपेक्षा लांब. सांभाळून घ्या.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. डहाणूत राहतो, चौथीत आहे. घरची चिकूची छोटी वाडी आहे. कुठला चिकू आज उतरवायचा आणि कुठला चार दिवस ठेवायचा, हे त्याला लांबून कळतं. भावोजी म्हणतात, माझ्यापेक्षा त्याची नजर बरी. पण पुस्तक उघडलं की हाच मुलगा वेगळा होतो. 'घ' आणि 'ध' त्याच्यासाठी एकच. 'भ' आणि 'म' जागा बदलतात. जोडाक्षर आलं की थांबतो, रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा ते दरवेळी नव्याने शोधतो. फळ्यावरचं उतरवून घेताना तिसऱ्या ओळीपर्यंत पोचतो तोवर फळा पुसलेला असतो. तोंडी विचारलं तर सगळं येतं. पेपर मात्र कोरा.

दुसरीत असताना सगळे म्हणाले, होईल. तिसरीत म्हणाले, लक्ष नाही. मग ताईनेच हट्टाने डोळे तपासून घेतले, कान तपासून घेतले. दोन्ही ठीक निघाले. (हे आधी करावंच लागतं. कित्येक 'मठ्ठ' मुलांना फक्त चष्म्याची गरज असते.) त्यानंतर एका सरकारी रुग्णालयात अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी नाव लागलं. ते ऑगस्टमध्ये. तारीख मिळाली डिसेंबरची. डिसेंबरची फेब्रुवारी झाली. आणि कालचा मेसेज तुम्हाला सांगितलाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरलेत, १९९५ च्या कायद्यात फक्त सात होते. नव्याने आलेल्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे बुद्धी व्यवस्थित असूनही वाचन, लेखन किंवा गणित मेंदूत नीट न बसणं. २०१८ मध्ये केंद्राने सूचना काढल्या, त्यांत प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाच द्यायचं असं ठरलं. त्याला कारणही आहे. सहा-सात वर्षांचं मूल अक्षरं उलटी काढतंच, तेवढ्यावरून शिक्का मारणं अन्याय होईल. बालरोगतज्ज्ञ बघतात, मानसशास्त्रज्ञ बुद्ध्यांक काढतात, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. हे घाईचं काम नाही. तारखा लांबतात त्यात सगळा निष्काळजीपणाच असतो असं मी म्हणणार नाही. तपासणारे थोडे आणि मुलं फार, हे साधं गणित आहे.

माझा प्रश्न तपासणीचा नाही, तोपर्यंतचा आहे.

भाच्याच्या शाळेत ताईने विनंती केली की याला तोंडी परीक्षेची सवलत द्या, निदान पेपरला पंधरा मिनिटं जास्त द्या. उत्तर आलं, "सर्टिफिकेट आणा, मग बघू."

आता पैठणला परत या. आळंदीकरांचं वाक्य आणि हे वाक्य शेजारी शेजारी ठेवून बघा. मला काल गाडीत अंगावर काटा आला.

पण मी नेहमी निसटून देत असलेली एक गोष्ट यात आहे. शुद्धिपत्र मिळायच्या कितीतरी आधी ज्ञानदेवांचं शिक्षण झालं होतं. संतचरित्रं सांगतात, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत निवृत्तिनाथ वाट चुकले, त्यांना गहिनीनाथ भेटले, आणि तिथे जे मिळालं ते निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला दिलं. त्या वेळी त्या घराकडे कुठलाच कागद नव्हता. गावाने वाळीत टाकलेलं, मुंजी नाहीत, पुढे काय होणार माहीत नाही. मोठ्या भावाने असं म्हटलं नाही की आधी आपलं काय ते ठरू दे, मग शिकवतो. सभेचा निकाल आणि भावाचं शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या लहान वयाच्या मुलाला कळलं होतं.

कागद नको असं मी म्हणत नाहीये, हे स्पष्ट सांगते, कारण आपल्यात लगेच टोकाला जाणारे आहेत. ती मुलं पैठणला गेलीच ना? "आम्हाला तुमच्या कागदाची गरज नाही" असं म्हणून घरी बसली नाहीत. कागदाने दारं उघडतात. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो तो कागदावरच, नुसत्या आपुलकीवर नाही. ताईने रांग सोडू नये, तारीख पुढे गेली तरी पुन्हा जावं, हे माझं पक्कं मत आहे. पण कागद येईपर्यंत पोर वर्गात रोज सहा तास बसणार आहे. त्या सहा तासांचं काय? गंमत म्हणजे कायदासुद्धा तिथे थांबत नाही. कलम १६ मध्ये शाळांना सांगितलंय की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्याचे योग्य उपाय करा. ओळखायचं पहिलं काम शाळेचंच आहे. "आणा, मग बघू" हे त्यात कुठे बसतं ते मला तरी दिसलं नाही.

आमच्या भागातलं एक उदाहरण देते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या बाजूला, जमीन हादरायला लागली. छोटे छोटे धक्के, महिनोन् महिने. भूकंपमापक बसले, शास्त्रज्ञ आले, कारण काय यावर चर्चा सुरू झाल्या. पण पाड्यावरच्या माणसांनी अहवालाची वाट बघितली नाही. तंबूत, ताडपत्रीखाली, अंगणात झोपायला लागली. कारण सापडायला वेळ लागेल, भिंत आज रात्रीही पडू शकते, एवढं त्यांना कळत होतं. कोणी त्यांना म्हटलं नाही की आधी धक्क्याचा प्रकार ठरू द्या, मग बाहेर या.

मुलाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच म्हणतो.

आता नातेवाईकांविषयी. हे लिहावं की नाही यावर बराच वेळ घालवला, पण तुमच्याही घरात असे कोणीतरी असणारच. गणपतीत एक काका आले होते, माळकरी, वारी चुकवत नाहीत. भाचा धडा वाचताना अडखळला तर हसत म्हणाले, "अरे, माऊलींनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, तुला चार ओळी येईनात?" सगळे हसले. भाचाही हसला. रात्री त्याने ताईला विचारलं, "मी रेडा आहे का?"

त्या प्रसंगात रेडा कशासाठी आहे? सभेने पोरांना खिजवलं, त्या खिजवण्याला दिलेलं ते उत्तर आहे. ज्याला तुम्ही काहीच येत नाही म्हणून हिणवता त्याच्यातही तेच चैतन्य आहे, हे दाखवण्यासाठी ज्ञानदेवांनी हात ठेवला. आणि आपण तीच गोष्ट उचलून एका पोराला हिणवायला वापरतो! म्हणजे कथेत आपण कुठल्या बाजूला उभे राहिलो ते बघा.

आणि प्रारब्ध. ताईच्या सासूबाई मनाने फार चांगल्या आहेत, नातवासाठी जीव टाकतात, पण त्याही म्हणाल्या, "मागचं काही असेल. भोगून संपेल. देवावर सोड." मी उलट बोलले नाही, वयाचा मान असतो. पण इथे बोलते. स्वतःच्या दुःखाला 'प्रारब्ध' म्हणणं हा एक आधार असू शकतो, माणूस त्याने शांत होतो. दुसऱ्याच्या दुःखाला, त्यातही नऊ वर्षांच्या मुलाच्या दुःखाला 'प्रारब्ध' म्हणणं वेगळं आहे. त्यात शांत आपण होतो आणि भोगतो तो. त्या चार भावंडांनाही लोकांनी हेच सांगितलं होतं, आई-बापाचं पाप तुमच्या माथी आहे. आज आपण कोणाच्या बाजूने वाचतो, सांगणाऱ्यांच्या की मुलांच्या? देवावर सोडायचं ते फळ. मुलाशेजारी बसून धडा वाचून दाखवणं हे काही फळ नाही, ते आपलं काम आहे.

इथपर्यंत मला सोपं वाटत होतं. खरी अडचण पुढे आहे.

ताई स्वतः तलासरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गात एक मुलगी आहे, भाच्याच्याच वयाची, वारली. घरात वारली बोली. शाळेतलं मराठी तिच्यासाठी अर्धं परकंच. दिवाळीनंतर आई-बाप वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, ही पण जाते, आणि पावसाच्या तोंडावर परत येते. म्हणजे वर्षातली निम्मी शाळा हातातून गेलेली. ही मुलगी वाचत नाही. दोन वर्षं ताईला वाटलं, भाषा आहे, गैरहजेरी आहे, दुसरं काय. पण भाच्याच्या निमित्ताने ताई शिकली, आणि तिला दिसायला लागलं की मुलीच्या वहीत तेच आहे. तेच 'घ-ध', तोच रफार. तिच्याचसारख्या घरातली, तिच्याच पाड्यावरची बाकीची पोरं वाचायला लागली, हीच राहिली.

आता काय म्हणायचं? भाषेमुळे मागे पडलेल्या मुलाला अक्षम ठरवणं हा अन्याय आहे, आणि तो आदिवासी मुलांवर फार सहज होतो. चाचण्या प्रमाण भाषेत, प्रश्न शहरातले. पण "यांचं असंच असतं, भाषेचा प्रॉब्लेम" म्हणून खऱ्या अडचणीकडे न बघणं हाही अन्यायच, आणि तो दिसतसुद्धा नाही. शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं. ते आलं तेव्हा मुलगी भट्टीवर होती. कोणाची चूक? कोणाचीच नाही, आणि मुलगी यादीत नाही.

डिसेंबरची तारीख पुढे गेली तेव्हा मी ताईला म्हटलं, मी पैसे भरते, मुंबईत खासगीत करून घेऊ. सरकारी प्रमाणपत्र नंतर येईल, निदान काय आहे ते तरी कळेल. ताई गप्प. मग म्हणाली, "आणि तिचं?"

मला राग आला, खरं सांगते. आपल्या मुलाला थांबवून त्या मुलीला काय मिळणार? दोघांना नाही म्हणजे न्याय झाला का? उपाशी माणसाशेजारी बसून आपणही उपास केला तर त्याचं पोट भरतं का? अजूनही मला वाटतं हा युक्तिवाद बरोबर आहे. ताईचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, "मी त्याला आधी नेलं तर तिची फाईल मी कधीच पुढे ढकलणार नाही. मी स्वतःला ओळखते. माझी घाई संपली की तिची पण संपेल."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बाजूला ठेवलेल्या पैशांचं शेवटी असं झालं की ताईने मुलीचं नाव त्याच रांगेत लावलं, आणि ते पैसे तिच्या आईचे भट्टीवरचे खाडे आणि येण्याजाण्याचं भाडं यासाठी ठेवले. भट्टीवरून एक दिवस यायचं तर मजुरी जाते, आणि उचल घेतलेली असेल तर मुकादमालाही पटवावं लागतं. तारीख पुढे गेली की हे सगळं पुन्हा. भाच्याला मी तीन-चार महिने जास्त थांबायला लावलं का? लावलं. ते बरोबर होतं का, अजून ठरत नाही. तुम्ही काय केलं असतं याचा विचार करून बघा, पटकन नको.

कोसबाडची टेकडी आमच्या डहाणूतच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं. बालवाडी काढली तर पाड्यावरची मुलं येईनात. तेव्हा "पालकांना महत्त्व कळत नाही" असं म्हणून त्या थांबल्या नाहीत, बालवाडीच पाड्यावर नेली, कोणाच्या तरी अंगणात. अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला, त्याचं मूळ या मातीत आहे. जी मुलं गुरं राखायला जायची त्यांच्यामागे शाळा कुरणात नेली, तिला कुरणशाळाच म्हणायचे. ताईच्या टेबलावर अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' असतं, पानं सुटलेलं. आम्हा भक्त मंडळींना सेवा म्हटलं की अन्नदान आठवतं. मला हल्ली कुरणशाळा आठवते.

तर सध्या काय चाललंय? घरात ताई किंवा भावोजी त्याला धडा मोठ्याने वाचून दाखवतात, तो ऐकतो आणि स्वतःच्या शब्दांत सांगतो. वाचताना ओळीखाली पट्टी धरायची म्हणजे ओळ सुटत नाही. शुद्धलेखनाचे दहा शब्द नाहीत, तीनच, पण वाळूत बोटाने काढून, हाताला लक्षात राहावेत म्हणून. ताईने एक वही केलीय, तिच्यात तारीख घालून लिहिते की आज काय जमलं, कशात अडलं, किती वेळ लागला. जुने पेपर, वह्या टाकत नाही. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना दोन तासांत जे दिसणार नाही ते या वहीत असेल. मुलीसाठी तशीच दुसरी वही आहे. ती वर्गात असते तेव्हा ताई तिला गोष्ट आधी वारलीत सांगायला लावते, पाड्यावरचीच एक मोठी मुलगी ती मराठीत करते, आणि मग ताई तेवढंच फळ्यावर लिहिते. आणि भाच्याच्या शाळेतल्या एक बाई, वर्गशिक्षिका नव्हेत, चित्रकलेच्या, मधल्या सुट्टीत त्याला फळ्यावरचं उतरवून देतात. त्यांनी कुठलाही कागद मागितला नाही.

त्याच्या कोऱ्या पेपरवरून मला चांगदेवांचं पत्र आठवतं. एवढे मोठे योगी, पण ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडकले. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं, की ज्ञानाने मोठे म्हणून तीर्थस्वरूप? शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई तो बघून म्हणाल्या की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. निदान अगदी अचूक होतं. पण निवृत्तिनाथ तेवढ्यावर थांबले नाहीत, ज्ञानदेवांना म्हणाले, याला उत्तर लिही. कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर गेलं. पहिल्या शब्दावर अडकलेल्या माणसाला काही सांगायचंच नव्हतं असं त्या घरात कोणी धरून चाललं नाही. (माझा भाचा काही चांगदेव नाही. काल त्याने आजीचा चष्मा चिकूच्या करंड्यात लपवला होता.)

गेल्या चैत्रात आम्ही विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेला गेलो होतो. सासूबाईंनी त्याला गोष्ट सांगितली. देवी वर गडावर राहायची. एक गरोदर बाई दर्शनाला चढत होती, वाटेत तिला चढवेना, घेरी आली. देवी म्हणाली, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून देऊळ पायथ्याशी. सासूबाई कित्येक वर्षं ही गोष्ट सांगतायत. प्रारब्धाचं सांगणाऱ्याही त्याच, आणि ही गोष्टही त्याच सांगतात, दोन्ही मनापासून.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी, देवी उतरेपर्यंत तिच्याजवळ कोण होतं?"

आजीला सांगता आलं नाही. मलाही नाही. गोष्टीत ते नाहीच.

अकरा तारखेसाठी मी रजा टाकलीय. आदल्या रात्री डहाणूला मुक्काम, सकाळी लवकर निघायचं. मुलीची आई भट्टीवरून परस्पर येणार आहे. दोन्ही वह्या ताईने एकाच पिशवीत भरून ठेवल्यात.

रामकृष्णहरी.